फसवी कबुतरं आणि आपली राखण

कुणी दुपारची भांडी आवरून बसल्या असतील, कुणी बांधावर मोबाइल लावून ऐकत असतील. जिथे असाल तिथून ऐका, आजचा विषय हातातलं काम न सोडताही ऐकण्यासारखा आहे.

मागे आपण ज्वारीच्या राखणीवर बोललो होतो. त्यानंतर एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, आमच्या पोरानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. विलायतेतली माणसं शेतात प्लास्टिकची कबुतरं मांडून ठेवतात. ती बघून खरी कबुतरं उतरली, की झुडपात लपलेला माणूस बंदूक मारतो. एका दिवसात शंभर-शंभर पाखरं. आपल्याकडं असं का करत नाहीत? गोफण फिरवून फिरवून माझा खांदा गेलाय."

प्रश्न साधा वाटला, पण नीट उत्तर द्यायचं तर त्या विलायतेतल्या शेतापर्यंत जाऊन यावं लागेल. ती शिकार नेमकी काय असते, तिनं पीक वाचतं का, आणि ताईंच्या खांद्याला त्यातून काही आराम मिळण्यासारखा आहे का, एवढं आज बघू.

आधी ते पाखरू ओळखून घेऊ. इंग्रजीत त्याला वुड पिजन म्हणतात, आपण रानकबूतर म्हणू. आपल्या विहिरीतल्या, देवळातल्या पारव्यापेक्षा हे चांगलंच मोठं असतं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, रंग राखाडी, छाती गुलाबीसर, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका. उडताना पंखावरचा पांढरा पट्टा लांबूनही दिसतो. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. ब्रिटनमध्ये या कबुतरांच्या साधारण 50 लाख जोड्या घरटी करतात. शहरातल्या बागेतही ती दिसतात, पण त्यांचं खरं पोट भरतं शेतावर. पेरलेला वाटाणा, कोबी-फ्लॉवरची कोवळी पानं, मोहरीच्या जातीचं ऑइलसीड रेप नावाचं तेलबियांचं पीक, वाऱ्यापावसानं आडवा पडलेला गहू, असं सगळं त्यांना चालतं. गळ्यात अन्न साठवायची पिशवी असते. ती गच्च भरायची आणि झाडावर जाऊन निवांत पचवायचं. पाच-पन्नास असली तर शेतकरी सोसतो. पण हिवाळ्यात हजारांचा थवा एका रानात उतरला, तर हिरव्या पिकाचे नुसते देठ उरतात.

म्हणून तिथला शेतकरी बंदूकवाल्याला शेतात येऊ देतो. हा बंदूकवाला बहुतेक वेळा शेतकरी नसतो. कुणी गवंडी, कुणी ड्रायव्हर, कुणी निवृत्त माणूस. पोलिसांकडून बंदुकीचा परवाना घेतलेला, शेतमालकाची परवानगी घेतलेला. काडतुसांचा खर्च बहुतेक तो स्वतःच करतो. शेतकऱ्याला फुकटची राखण मिळते आणि त्याला शिकारीची हौस भागवता येते, असा तो व्यवहार आहे.

आता फसवणुकीची रीत बघा. व्हिडिओत गोळी दिसते, पण कामाचा मोठा भाग गोळीच्या आधीच झालेला असतो. जाणता शिकारी पहिला दिवस बंदूक घरी ठेवून नुसता बघत हिंडतो. थवा कुठल्या झाडीतून निघतो, कुठल्या वाटेनं येतो, शेताच्या कुठल्या कोपऱ्यात उतरतो, किती वाजता येतो, वारा कुठून आहे. कबुतरांची हवेतली वाट ठरलेली असते. ओढ्याची रेघ, झाडांची रांग, कुंपणाची कड धरून ती येतात. ही वाट सापडली नाही, तर शेतात शंभर फसवी कबुतरं मांडली तरी दिवस रिकामा जातो.

वाट सापडली, की कुंपणाच्या झुडपाला लागून आडोसा उभारतात. चार काठ्या, त्यावर पानांच्या रंगाची जाळी, वर तिथल्याच फांद्या. आत माणूस स्टुलावर बसतो. चेहरा आणि हात झाकलेले, कारण उघडा गोरा चेहरा आणि हलणारा हात पाखराला सगळ्यात आधी दिसतो. आडोशासमोर वीस-पंचवीस पावलांवर फसवी कबुतरं मांडतात. ती प्लास्टिकची पोकळ टरफलं असतात, काडीवर टोचलेली. वाऱ्यानं ती जराशी डुलली, की दाणे टिपत असल्यासारखी वाटतात. मारलेली खरी कबुतरंही काडीच्या आधारानं तशीच बसवतात.

मांडणीलाही नियम आहेत. पाखरू उतरताना वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणून मांडलेल्या कबुतरांची तोंडंही साधारण वाऱ्याकडेच हवीत. ती घोड्याच्या नालासारखी मांडतात आणि मधे रिकामी जागा सोडतात. वरून येणाऱ्या पाखराला वाटतं, इथे जेवण चालू आहे आणि आपल्यापुरती जागाही आहे. ते त्या मोकळ्या जागेत उतरायला येतं आणि तिथेच गोळीच्या टप्प्यात सापडतं. अलीकडे बॅटरीवर फिरणारं एक यंत्र आलं आहे. दोन लांब दांड्यांच्या टोकांना दोन कबुतरं लावतात आणि ती गोल फिरतात. पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्याचं काम ते हेच. तो पट्टा लांबून चमकला, की दुसऱ्या थव्याला कळतं, तिथे आपली मंडळी उतरत आहेत. आणि मारलेलं कबूतर पोट वर करून पडलं असेल, तर शिकारी उठून ते पालथं करतो. कारण उताणं पाखरू दिसलं, की बाकीची बिचकतात.

या सगळ्याचा अर्थ एवढाच, की पाखरू पाखराला बघून उतरतं. शेत कितीही भरलेलं असो, खाली आपल्यापैकी कुणी निर्धास्त खात असलेलं दिसलं तरच त्याचा धीर होतो. ही गोष्ट आपल्याला शेवटी उपयोगी पडणार आहे.

या विद्येत ब्रिटनमध्ये एका माणसाचं नाव सगळे घेतात, मेजर आर्ची कोट्स. हॅम्पशायरमध्ये राहणाऱ्या या गृहस्थांनी कबुतरं मारणं हाच धंदा केला. शेतकऱ्यांची पिकं राखायची आणि मारलेली कबुतरं विकायची. 1962 साली त्यांनी एका दिवसात 550 कबुतरं मारली. पुढच्या वर्षी त्यांचं कबुतरांच्या शिकारीवरचं पुस्तक आलं, ते अजून वाचलं जातं. त्यांच्या पत्नी प्रू कोट्स यांनी शिकारीचं मांस शिजवण्यावर पुस्तकं लिहिली. मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. दिवसभराची शिकार लोकांच्या लक्षात राहते, पण एवढी पाखरं घरी आली की पिसं कोण काढतं, साफ कोण करतं, आणि वाया न घालवता पानात कशी वाढायची हे कोण ठरवतं? त्या बाईंनी ते काम पुस्तकात आणलं, हे बरं केलं.

मांसाचा विषय निघालाच आहे, तर बायांच्या कामाची एक गोष्ट सांगते. बंदुकीचे छर्रे पूर्वापार शिशाचे असतात. छर्रा काढून टाकला तरी त्याचे बारीक कण मांसात राहू शकतात. शिसं मेंदूला घातक असतं, आणि सगळ्यात जास्त धोका पोटातल्या बाळाला आणि लहान मुलांना. म्हणून 2012 मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा खात्यानं सांगितलं, की शिशाच्या छर्र्यांनी मारलेलं मांस वारंवार खाणाऱ्यांनी ते कमी करावं. लहान मुलं, गरोदर बाया आणि बाळाचा विचार करणाऱ्या बायांनी तर विशेष जपावं. म्हणजे पीक राखण्याची ही रीत फिरून स्वयंपाकघरात येते, आणि तिथे काळजी पुन्हा बाईलाच घ्यावी लागते.

आता मुख्य प्रश्न. एवढं मारून कबुतरं कमी झाली का?

ब्रिटनच्या कृषी मंत्रालयाला हाच प्रश्न पडला होता. मर्टन नावाच्या संशोधकांनी केंब्रिजशायरमधल्या एका गावाच्या शेतांवर वर्षानुवर्षं कबुतरं मोजली. थंडीत किती असतात, काय खातात, किती मरतात, किती मारली जातात. त्यांचं रानकबुतरावरचं पुस्तक 1965 साली आलं. त्यांना दिसलं ते असं. त्या काळी हिवाळ्याच्या शेवटी कबुतरांना आधार असायचा तो क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचा. आपण जनावरांना बरसीम घालतो ना, त्याच जातीचा. हा चारा जेवढा शिल्लक, तेवढीच कबुतरं वसंतापर्यंत जगायची, बाकीची उपासानं मरायची. हिवाळ्यात बंदुकीनं जी मारली, त्यातली पुष्कळशी तशीही मरणारच होती. उलट ती गेल्यानं उरलेल्यांच्या वाट्याला जास्त चारा आला. हिवाळा संपल्यावर मोजलं तर आकडा जवळपास तोच. थोडक्यात, कबुतरांची संख्या बंदुकीवर नव्हे, तर हिवाळ्यातल्या चाऱ्यावर ठरत होती.

पुढे काय झालं, ते पाहिल्यावर ही गोष्ट आणखी पटते. 1973 मध्ये ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेला आणि त्या सुमारास तिथे ऑइलसीड रेप हे तेलबियांचं पीक झपाट्यानं वाढलं. हे पीक पावसाळी नाही. ते शरद ऋतूत पेरतात आणि अख्खा हिवाळा शेतात हिरवंगार उभं असतं. ज्या महिन्यांत कबुतरं उपासानं मरायची, त्याच महिन्यांत माणसानं त्यांना ताट वाढून ठेवलं. कबुतरं भराभर वाढली. बंदुका होत्याच, हौसही होती, काडतुसंही उडत होती. तरी वाढली.

मग शेतकरी बंदूकवाल्याला बोलावतो तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण त्याला देशातली कबुतरं कमी करायची नसतात. त्याला आपल्या रानातला वाटाणा या दोन आठवड्यांत वाचवायचा असतो. त्या दोन आठवड्यांत कुणीतरी शेतात बसून आहे, थवा उतरला की आवाज होतोय, काही पाखरं पडतायत. मग थवा दुसरीकडे जातो. नेम अचूक असो की चुको, माणूस हजर असण्याचा फायदा शेताला मिळतोच. तिथे गॅसवर चालणारी एक छोटी तोफही ठेवतात, ती ठरावीक वेळानं नुसता धडाका करते. पहिले काही दिवस पाखरं उडतात. मग त्यांच्या ध्यानात येतं, की हिच्यामागे कुणी नाही. मग ती तोफेच्या शेजारी बसून खातात. आपल्या बुजगावण्याच्या डोक्यावर कावळा बसतो, तसंच.

कायद्याचं थोडं सांगते, कारण व्हिडिओत कायदा दिसत नाही. ब्रिटनमध्ये 1981 चा वन्यजीव कायदा आहे. त्यात रानातले सगळेच पक्षी संरक्षित आहेत, कबूतरसुद्धा. मारायचं असेल तर कारण लागतं. पिकाचं गंभीर नुकसान टाळायचं आहे असं कारण असेल, तर सरकारनं काढलेल्या सर्वसाधारण परवान्याखाली मारता येतं. त्यालाही अटी आहेत. आधी हुसकावण्याचे, पीक झाकण्याचे उपाय करायला हवेत, किंवा ते का जमत नाहीत हे सांगता यायला हवं. नुसती मौज म्हणून कबुतरं मारायला हा परवाना नाही. प्रत्यक्षात मात्र हौसेचे शिकारी भरपूर आहेत, त्यांच्यासाठी मासिकं निघतात, आणि फसव्या कबुतरांचा, जाळ्यांचा, यंत्रांचा मोठा बाजार आहे. कागदावर राखण आणि शेतात खेळ, असा हा पेच आहे.

2019 मध्ये हा पेच उघडा पडला. ख्रिस पॅकम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे या तिघांनी वाइल्ड जस्टिस नावाची संस्था काढली होती. तिनं सरकारी परवान्यांच्या पद्धतीलाच कायदेशीर आव्हान दिलं. नुकसान खरंच होतंय का, हे कुणी तपासत नाही आणि सरसकट मारायची मुभा कशी, असा त्यांचा मुद्दा होता. एप्रिलमध्ये सरकारी खात्यानं जुने परवाने एकदम रद्द केले. ऐन वसंतात, पिकं कोवळी असताना. शेतकऱ्यांमध्ये मोठा गोंधळ उडाला. जूनमध्ये नवे परवाने निघाले. आपलं मत कुठल्याही बाजूचं असो, एक मात्र झालं. मारायचं तर कारण दाखवा, ही अट पुन्हा ठळक झाली.

त्याच कायद्यात आणखी एक अट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. फसवं कबूतर प्लास्टिकचं चालतं, मेलेलं चालतं. पण जिवंत पाखरू बांधून ठेवून त्याच्यावर दुसऱ्यांना भुलवायचं, याला बंदी आहे. आंधळं किंवा जखमी केलेलं पाखरू तर नाहीच नाही. ही बंदी उगाच आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत प्रवासी कबुतरं धरायला जिवंत कबुतराचे डोळे शिवून त्याला छोट्या बैठकीवर बांधत. बैठक खालीवर केली, की ते पंख फडफडायचं आणि वरचा थवा जाळ्यात उतरायचा. आकाश झाकून टाकणारे ते थवे संपले. शेवटचं प्रवासी कबूतर 1 सप्टेंबर 1914 ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. आपल्याकडेही तितर धरायला पिंजऱ्यातला पाळीव तितर बोलता ठेवायची जुनी रीत होती. तेव्हा हे काम फक्त गोऱ्यांचं, असं समजायला नको.

आणि एक गोष्ट व्हिडिओत कधीच येत नाही. ती घरट्यात असते. रानकबूतर एका वेळी दोन अंडी घालतं. ती नर आणि मादी दोघंही उबवतात. पिल्लं निघाली, की आईबाप दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं घट्ट अन्न पिल्लांच्या चोचीत घालतात. हो, नरसुद्धा. गहू पिकायच्या वेळेला, उन्हाळ्याच्या शेवटी, घरटी भरलेली असतात आणि शेतातल्या बंदुकाही तेव्हाच चालू असतात. शेतात पडलेल्या कबुतराची पिल्लं कुठल्या झाडावर वाट बघत असतील, हे कुणाला कळत नाही. पीक राखणाऱ्याला दोष द्यायला हे सांगत नाही. पीक आपलंही जातं, आपल्यालाही राग येतो. पण किंमत कोण मोजतं, ते माहीत असावं.

आता जरा मागे जाऊ. बंदूकवाले यायच्या आधी तिथली शेतं कोण राखत होतं? मुलं. इंग्लंडच्या खेड्यांत गरिबांची पोरं लाकडी खुळखुळे घेऊन दिवसभर शेतात पाखरं हुसकायची. जोसेफ आर्च नावाचे एक मोठे पुढारी तिथे होऊन गेले. 1872 मध्ये त्यांनी शेतमजुरांची देशव्यापी संघटना उभी केली, पुढे ते पार्लमेंटातही निवडून गेले. त्यांच्या आयुष्यातली पहिली नोकरी हीच, वयाच्या नवव्या वर्षी, रोज बारा तास पाखरं हाकायची आणि मजुरी चार पेनी. 1880 मध्ये तिथे दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. मुलं हळूहळू शेतातून वर्गात गेली. पाखरं तर होतीच. मग शेतात बुजगावणी वाढली, तोफा आल्या, हौशी बंदूकवाले आले. मूल गेलं, पण त्याच्या जागी कुणालातरी उभं राहावंच लागलं. कारण राखण हे काम आहे, आणि कुणीतरी ते केल्याशिवाय होत नाही.

मैत्रिणींनो, आता आपल्या माळ्यावर या. ज्वारी हुरड्यात आली, दाण्यात दूध भरलं, की पहाटेपासून भोरड्यांचे थवे येतात. चिमण्या, होले, पारवे, पोपट असतातच. त्या चार-पाच आठवड्यांत माळ्यावर कोण असतं? म्हातारी सासू, नाहीतर सून. आणि दोघींनाही जमलं नाही तर सातवी-आठवीतली मुलगी. "चार दिवसच तर आहेत, शाळा काय पळून जाते?" असं म्हणून तिला बसवतात. मुलाला सहसा बसवत नाहीत, त्याची परीक्षा असते. परीक्षा मुलीचीही असते. इंग्लंडमध्ये चार पेनी तरी मिळत होते. आपल्या मुलीच्या आणि आईच्या राखणीचा हिशोब कुठल्याच वहीत नसतो.

त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. आपल्याकडे बंदूक का नाही? पहिलं कारण कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे रानातल्या पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे. बंदूक नको, फासा नको, आणि विषाचे दाणे तर मुळीच नकोत. विष खाऊन मोर मरतो, गावातलं कुत्रं मरतं, कोंबड्या मरतात, आणि विष हाताळणाऱ्या हातानंच आपण भाकरी थापतो. दुसरं कारण, बंदुकीनं पाखरं संपत नाहीत हे ज्यांच्याकडे बंदुका आहेत त्यांच्याच मोजणीत दिसलं. तिसरं, भोरड्या ज्वारी खातात तशा नाकतोडे आणि टोळही खातात. त्या शेताच्या नुसत्या वैरी नाहीत.

पण त्या शिकाऱ्याकडून बंदूक सोडून बाकी पुष्कळ घेण्यासारखं आहे. एक एक सांगते.

पहिलं, आधी दोन दिवस बघा. पाखरं कुठल्या बाजूनं येतात, आधी कुठल्या झाडावर बसतात, शेताच्या कुठल्या कडेला उतरतात. माळा शेताच्या बरोबर मधेच हवा असं नाही. पाखरांच्या वाटेवर असला, तर हाक मारायलाही सोपं आणि खांद्यालाही.

दुसरं, पहिलं पाखरू बसू देऊ नका. फसव्या कबुतरांची सगळी विद्या यावरच चालते, की एक बसलेलं दिसलं की शंभर उतरतात. आपण ती उलटी वापरायची. थवा बसून खायला लागल्यावर हजार हाका मारण्यापेक्षा पहिली टोळी हवेत असतानाच हाकलावी. यासाठी सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि संध्याकाळची वेळ कडक पाळायची. भर दुपारी पाखरंही सावलीला जातात. तेव्हा तुम्हीही माळ्यावरून उतरा, पाठ टेका.

तिसरं, भीती शिळी होऊ देऊ नका. चमकणारी फीत, जुन्या सीडी, डबा, बुजगावणं, काहीही लावा, पण तीन-चार दिवसांनी जागा बदला. बुजगावण्याला रोज तीच साडी नको. मधून मधून त्याच्या जागी खरं माणूस उभं राहिलं, तर उरलेले दिवस पाखरं बुजगावण्यालाही माणूसच समजतात.

चौथं, पेरणी एका वेळेला करा. ज्याचं शेत सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या नंतर हुरड्यात येतं, त्याच्यावर सगळ्या शिवारातली पाखरं पडतात. शिवार एकदम पिकलं, तर नुकसान सगळ्यांत वाटलं जातं आणि एकट्या कुणाचं कंबरडं मोडत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या निवडक कणसांना कापडी किंवा कागदी पिशवी बांधा.

पाचवं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, राखणीची सावड करा. खुरपणीला, काढणीला सावड करतो ना आपण? आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. तशीच राखणीची. शेजारशेजारच्या चार शेतांत चार बाया रोज दिवसभर ओरडण्यापेक्षा दोघींनी सकाळ, दोघींनी संध्याकाळ घ्यावी. घरच्या पुरुषांचीही पाळी लावा. इंग्लंडमधले पुरुष स्वतःची काडतुसं खर्चून दुसऱ्याचं शेत राखायला हौसेनं जातात. आपल्या पुरुषांना स्वतःचं शेत राखायला गोफण फुकट आहे. एवढं सांगून बघा, हसतील, पण एखादा उठेल.

आणि शेवटी, वहीत लिहा. बी किती, खत किती, नांगरट किती हे लिहितो, त्याच पानावर राखणीचे दिवस लिहा. समजा पस्तीस दिवस, रोज सहा तास, कुणी केले तेही लिहा. गावात बाईला जी मजुरी मिळते, तिनं गुणा. ज्वारीच्या एका पोत्यामागे आपल्या उन्हाचे किती पैसे आहेत, ते घरात सगळ्यांना कळू द्या. आकडा समोर आला, की पोरीची शाळा बुडवणं स्वस्त वाटत नाही.

फोन करणाऱ्या ताईंना एक वेगळं सांगते. ताई, खांदा दुखतोय तो अंगावर काढू नका. गोफण एकाच हातानं फिरवू नका, आणि आठ दिवस ती मुलाच्या हातात द्या. ज्यानं व्हिडिओ दाखवला, त्याच्याच. त्याला सांगा, विलायतेतला शिकारी आधी नुसतं बघतो. तू पण बघ, पाखरं कुठून येतात ते, आणि मग माळा कुठं बांधायचा ते तूच सांग.

तुमच्या गावात राखणीची सावड जमली, तर फोन करून नक्की कळवा. कशी जमली, कुठे अडलं, सगळं सांगा. इतर गावच्या बायांना त्याचा उपयोग होईल. आज इथेच थांबते. उन्हात डोक्याला पदर घ्या, पाण्याची बाटली माळ्यावर ठेवा. नमस्कार.